पट्टी हलत होती

आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांनी लिफ्टमध्ये मला विचारलं, "आपण कॉम्प्युटरमध्ये होतात म्हणे. काय बनवत होतात?"

"काहीच बनवत नव्हते."

"मग विकायचं काम?"

"तेही नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून बघत होते."

त्यांनी क्षणभर विचार केला. "अच्छा, म्हणजे सासूचं काम," असं म्हणून ते तिसऱ्या मजल्यावर उतरून गेले. माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन आमच्या कंपनीच्या कुठल्याही साहेबाला कधी जमलं नव्हतं. मी चौथ्या मजल्यापर्यंत एकटीच हसत होते.

वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगते. लिनक्स हे नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं आणि पाहिलेलं फार थोड्यांनी. संगणक चालवणारी ही मूळ व्यवस्था. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातली माणसं तिचे तुकडे लिहितात. कोणी छपाईचा, कोणी आवाजाचा, कोणी पडद्यावर अक्षरं उमटवण्याचा. हे हजारो तुकडे गोळा करायचे, एकमेकांशी जुळवायचे आणि नीट बांधून लोकांच्या हाती द्यायचे, हा एक स्वतंत्र उद्योग आहे. त्या बांधलेल्या गाठोड्याला वितरण म्हणतात आणि त्यातल्या एकेका तुकड्याला पॅकेज. बाणेरला आमचं ऑफिस होतं आणि आम्ही असंच एक वितरण काढत होतो.

हे तुकडे सतत बदलत असतात. कोणी चूक दुरुस्त करतं, कोणी चोरांना आत शिरता येईल असं भोक बुजवतं, कोणी उगीचच सुधारणा करतं. बदललेलं पॅकेज लोकांकडे जाण्याआधी माझ्याकडे यायचं. मी ते बसवायची, चालवायची, छळायची आणि यादीत त्याच्यापुढे ‘पास’ किंवा ‘नापास’ लिहायची. पास लिहिलं की ते आपोआप लोकांच्या मशीनवर जाऊन बसणार. खडकवासल्याचं पाणी तांब्यात घेताना ते कोणी तपासलं हे आपण विचारत नाही. गढूळ आलं तरच आठवण होते. आमचंही तसंच होतं. सगळं सुरळीत चाललं तर आम्ही अस्तित्वातच नव्हतो, आणि बिघडलं तर पहिला प्रश्न ठरलेला: "हे पास कोणी केलं?"

पॅकेज बांधणारा नसीर बागवान. भवानी पेठेतलं जुनं कुटुंब, घरात तीन पिढ्या फळांचा व्यापार, आणि हा एकटा संगणकात शिरलेला. मी एखादी चूक घेऊन गेले की तो खुर्चीतून न उठता म्हणायचा, "मॅडम, माझ्याकडे चालतंय."

"तुझ्याकडे चालणारच. तू त्याचा बाप आहेस. बाहेर कसं वागतं ते मी सांगतेय."

"बाहेरच्यांनी नीट वागवलं नसेल."

असं रोज चालायचं. पण दुपारपर्यंत तो ती चूक शोधून काढायचा आणि माझ्या टेबलावर एक पेरू ठेवून जायचा. ‘मॅडम, तुमचं बरोबर होतं’ हे वाक्य त्याने मला कधी ऐकवलं नाही. पेरू मात्र पुष्कळ खाल्ले मी.

आमच्या कामात हुशारी लागते असा लोकांचा समज आहे. खरं तर लागते ती यादी. कुठलं पॅकेज आलं तर काय काय करून बघायचं याची यादी. आणि ही यादी म्हणजे आजवर झालेल्या चुकांची वंशावळ असते. प्रत्येक ओळीमागे कोणीतरी एकदा बोंबललेलं असतं.

उदाहरणार्थ वाघोलीचे कुऱ्हाडे. त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं आणि दुकानात आमचं वितरण. एकदा अक्षरं मांडणारं पॅकेज नवं आलं. मी सोळा भाषांचे नमुने उघडून पाहिले, अक्षरं छान दिसली, पास लिहिलं. तिसऱ्या दिवशी फोन.

"मॅडम, आमचं नाव कुऱ्हाडे हाय. तुमच्या मशिननं आमची कुऱ्हाड मोडली बगा."

मला काही कळेना. मग त्यांनी फोटो पाठवला. आपल्या सुऱ्या, दऱ्या, तऱ्हा यांच्यात जो आडवा, चंद्रकोरीसारखा र असतो तो गायब, आणि त्याच्या जागी पाय मोडलेला र उभा होता. हिंदीला हा र लागत नाही. ज्या परदेशी गृहस्थाने बदल केला त्याला असा काही र जगात आहे याची कल्पना नव्हती. मला होती, पण मी मराठीचा जो नमुना पाहिला होता त्यात एकही कुऱ्हाड नव्हती.

"आमच्या तात्यांच्या पंच्याहत्तरीचा फ्लेक्स हाय मॅडम. चौकात लागायचाय. आन् तात्यांचंच नाव मोडलंय. तात्या म्हनत्यात, ह्यो अपशकून हाय."

तात्यांचा फ्लेक्स लागायच्या आत आम्ही पॅकेज दुरुस्त केलं. त्या दिवशी मी यादीत एक वाक्य घातलं: ‘वऱ्हाडी आचाऱ्याने कोऱ्या सुऱ्या घेऊन दऱ्याखोऱ्यांत तऱ्हेतऱ्हेच्या पुऱ्या तळल्या.’ सुऱ्यांनी पुऱ्या कशा तळतात, असं नसीरने विचारलं. तुला स्वयंपाकातलं काय कळतं, असं मी म्हटलं. ते वाक्य आजही तिथे रोज तपासलं जातं, आणि मराठी न येणारी पोरंही त्या आचाऱ्याला ओळखतात.

हे सगळं मी इतक्या फुशारकीने सांगतेय, कारण पुढचं सांगणं जड जाणार आहे.

यादीचा एक दोष मला फार उशिरा कळला. यादीत ओळ पडते ती बोंबलणाऱ्याची. ज्याला बोंबलताच येत नाही त्याचं काय, हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

सुलभा केंजळे हे नाव मला दोन वर्षं फक्त मेलमधून माहीत होतं. वारज्याला एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात त्या काम करत. जन्मापासून अंध. आमच्या वितरणात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो. स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. त्याच्या आवाजाच्या भरवशावर त्या टायपिंग करत, याद्या लावत, मेल लिहीत. साधारण दर पंधरवड्याला मला त्यांचा एक मेल यायचा, आणि असे मेल मी आयुष्यात दुसऱ्या कोणाचे वाचले नाहीत. इतर लोक लिहितात, ‘चालत नाही, लगेच बघा.’ सुलभाताई लिहायच्या, ‘मी अमुक कळ दाबली. तमुक शब्द ऐकू यायला हवा होता. त्याऐवजी हा ऐकू आला. तीन वेळा करून पाहिलं.’ शेवटी कधीतरी एखादी ओळ घरगुती. एकदा लिहिलं होतं, ‘तुमचं मशीन वारजे या शब्दाचा उच्चार मुंबईच्या पाहुण्यासारखा करतं. राग नाही, सवय झाली आहे.’

त्या वर्षी त्यांच्या मेलमध्ये एक बातमी आली. संस्थेने त्यांना प्रवेशाच्या टेबलावर बसवलं होतं. आजवर त्या आतल्या खोलीत टायपिंग करत. आता पालक समोर येणार, त्या माहिती विचारून मशीनवर नोंदवणार. सहा महिने बघू, मग समिती ठरवेल, असं ठरलं होतं. ‘हे टेबल मला हवं आहे,’ एवढंच त्यांनी लिहिलं होतं. इतर वेळी त्या हवं-नको असं काही लिहीत नसत, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

जूनमध्ये आवाजाच्या पॅकेजची नवी आवृत्ती आली. त्यात एक धोक्याचं भोक बुजवलेलं होतं, त्यामुळे घाई होती. माझ्या यादीत आवाजासाठी एक ओळ होती, मीच लिहिलेली: ‘चाचणीचा सूर वाजवा. पट्टी हलते का?’

ही पट्टी म्हणजे पडद्यावरची हिरवी रेघ. आवाज सुरू असला की ती उजवीकडे-डावीकडे नाचते. आमच्या तपासणीच्या खोलीत फडताळावर सोळा मशीनं होती आणि एकालाही स्पीकर नव्हता. पूर्वी होते, पण सोळा मशीनं एकदम किणकिणायची आणि पलीकडच्या खोलीतल्या मीटिंगवाल्यांना आपलं बोलणं ऐकू येत नसे. तशी त्यात कोणाची फारशी हानी नव्हती, तरी त्यांच्या विनंतीवरून आम्ही स्पीकर काढून टाकले. तेव्हापासून आवाज तपासायचा म्हणजे पट्टी पाहायची. मी सोळाही मशीनवर सूर वाजवला. सोळाही पट्ट्या हलल्या. पास.

बुधवारी पॅकेज बाहेर गेलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, एकही तक्रार नाही. सोमवारी मी नसीरला म्हटलं, "बघ, घाईतसुद्धा कसं स्वच्छ गेलं." त्यानेही मान डोलावली.

मंगळवारी सकाळी माझा मोबाइल वाजला.

"साठ्येबाई? सुलभा केंजळे बोलतेय, वारज्याहून. कामाच्या वेळात त्रास देतेय."

त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. स्पष्ट, सावकाश, ळ आणि ण जागच्या जागी.

"माझं मशीन मुकं झालंय हो. गुरुवारपासून. चालू होतं, पंखा ऐकू येतो, कळा दाबल्या की खटखट होते. पण बोलत काहीच नाही. म्हणून मेल करता आला नाही. तुमचा नंबर शोधायला वेळ लागला, कारण तोही मशीनमध्येच आहे."

मी म्हटलं, "कोणा डोळस माणसाने बघितलं का?"

"बघितलं ना. सगळे म्हणतात, पडद्यावर तर सगळं ठीक दिसतंय. आमचे भाऊसाहेब म्हणतात, बाई, तुमच्याकडून काहीतरी दाबलं गेलं असेल." मग त्यांनी विचारलं, "माझ्याकडून दाबलं गेलं असेल का हो?"

या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला माहीत नव्हतं. मी कामाचं वाक्य म्हणाले, "तपासून सांगते."

खोलीत गेले, सूर वाजवला, पट्टी हलली. माझ्या दृष्टीने सगळं उत्तम होतं. मग मी फोनवरचं त्यांचं बोलणं पुन्हा आठवलं. पडद्यावर सगळं ठीक दिसतंय. माझ्यासमोरही नेमकं तेच होतं. मी नसीरच्या खणातून त्याचा इयरफोन उचलला, मशीनला लावला आणि सूर पुन्हा वाजवला.

पट्टी नाचत होती. कानात काही नव्हतं.

मी नसीरला हाक मारली. तो आला, पडद्याकडे पाहून म्हणाला, "हलतेय की."

"हलतेय. ऐकून बघ."

त्याने इयरफोन कानात घातला. काढला. पुसून पुन्हा घातला. मग तो खाली बसला. त्या दिवशी ‘माझ्याकडे चालतंय’ असं काही तो बोलला नाही.

झालं होतं असं. नव्या आवृत्तीने आवाज पाठवायची वाट बदलली होती. पूर्वी तो स्पीकर किंवा इयरफोनच्या तारेत जायचा. आता तो पडद्याला जोडलेल्या तारेत जाऊ लागला. पडद्याला स्पीकर नसेल तर तो तिथेच मुरून जायचा. मशीनच्या मते मात्र आवाज व्यवस्थित निघाला होता, म्हणून पट्टी हलायची. डोळस माणसाला हे दोन क्लिकचं काम. ज्यांचा आवाज गेला त्यांनी निमूटपणे ते दोन क्लिक केले आणि विसरून गेले, म्हणून तक्रार आली नाही. पण ज्या माणसाला क्लिक कुठे करायचं हे आवाजच सांगतो, त्याचा आवाज गेला की सगळंच गेलं. तक्रार करायचं साधनसुद्धा गेलं. आणि माझ्याकडे तक्रार नाही, म्हणून मी खूश होते.

आपल्या भाषेत तपासण्याला ‘बघणं’ म्हणतात. खाऊन बघ, वास घेऊन बघ, हात लावून बघ, ऐकून बघ. नाक, कान, जीभ सगळ्यांच्या पुढे ‘बघ’ लागतं. जन्मभर हा शब्द मी हजारदा लिहिला असेल. आणि इतक्या वर्षांत मी आवाज नुसता बघत आले, ऐकून बघितला नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

नसीरने जेवणाची सुट्टी न घेता पॅकेज दुरुस्त केलं. मी इयरफोन लावून सोळाही मशीनं ऐकली. दुपारी पॅकेज बाहेर गेलं आणि मी सुलभाताईंना फोन केला. "आता मशीन बंद करून पुन्हा चालू करा." फोनवर मला आधी पंखा ऐकू आला आणि मग तो सपाट, भावनाशून्य आवाज, कसलीतरी सूचना वाचणारा.

सुलभाताईंनी श्वास सोडला. "आला बाई आला. काय झालं होतं?"

"आवाज दुसऱ्या तारेत जात होता."

"कशामुळे?"

इथे मी जे बोलले ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "अपडेटमध्ये होतं कधी कधी असं. झालं आता."

आपली मराठी अशा वेळी माणसाला फार सांभाळून घेते. चूक झाली. राहून गेलं. होतं कधी कधी. कोणी केली, कोणाकडून राहिलं, हे न सांगता वाक्य पूर्ण होतं. ‘मी पास केलं होतं’ एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता? पण बाईंचा आवाज आनंदी होता, मी दमले होते, आणि तेवढ्यात साहेबांनी बोलावलं.

साहेब रागावले नाहीत. त्यांना फक्त ते प्रकरण कागदावर नको होतं. मी सांगितलं की त्या बाईंवर ठपका आलाय, त्यांच्या संस्थेला पत्र पाठवायला हवं. साहेबांनी मसुदा करून दिला: ‘काही तांत्रिक अडचण उद्भवल्यामुळे गैरसोय झाली.’ मी तो परत नेला. म्हटलं, अडचण उद्भवली नाही, मी केली. यावर आमचे दहा दिवस गेले. साहेब ‘उद्भवली’ वर ठाम, मी ‘केली’ वर. शेवटी ते म्हणाले, "साठ्ये, एवढी हौस असेल तर तुमच्या नावाने जाऊ द्या." मी माझ्या नावाने लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि संस्थेच्या पत्त्यावर कुरियरने पाठवलं. आपण एक अवघड गोष्ट केली असं समाधान वाटलं. यादीतली ओळही बदलली: ‘पडदा बंद करा. आता वापरून बघा.’

त्यानंतर सुलभाताईंचा पंधरवड्याचा मेल आला नाही. चार दिवस वाट पाहिली. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, तक्रार नाही म्हणजे ठीक आहे. आता मला शांततेची भीती वाटायला लागली होती. एका शुक्रवारी मी सुट्टी टाकली आणि वारज्याला गेले.

लांबलचक कार्यालय. दारापाशी प्रवेशाचं टेबल, त्यावर मशीन, मशीनवर प्लास्टिकचं आच्छादन. समोर पालकांची रांग आणि एक गृहस्थ हाताने फॉर्म भरून घेत होते. आत, खिडकीशी, साधारण पंचेचाळिशीच्या एक बाई टेलिफोन घेऊन बसल्या होत्या. "नमस्कार, कार्यालय. हो, प्रवेश सुरू आहेत. जोडून देते." हा आवाज मी ओळखला.

फॉर्म भरणारे गृहस्थ म्हणजे हेड क्लार्क रणपिसे भाऊसाहेब. मी ओळख सांगितली. "पत्र मिळालं का माझं?"

"मिळालं की. फाइलला लावलंय." माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाले, "काय आहे मॅडम, ऐन प्रवेशात चार-पाच दिवस मशीन बंद. पालक ओरडायला लागले. बाईंना उगीच बोलणी नकोत, म्हणून मीच फोनवर बसवलं. त्यांना बरं पडतं तिथे."

"पण पत्रात मी लिहिलंय की त्यांची चूक नव्हती."

"तांत्रिक पत्र दिसलं, म्हणून तसंच लावलं. या गर्दीत वाचायला वेळ कुणाला आहे?"

मी सुलभाताईंच्या टेबलाशी गेले. नाव सांगितल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि माझा हात शोधून धरला. मी विचारलं, "पत्रात काय होतं ते कोणी सांगितलं का तुम्हाला?"

"कुठलं पत्र?"

त्यांनी हात सोडला नव्हता.

"तुम्ही आलात ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला एक विचारायचंच होतं. तीन आठवडे मी रोज आठवून बघतेय, त्या गुरुवारी सकाळी माझं बोट नक्की कुठे पडलं. मशीन चालू केलं, पासवर्ड टाकला. त्यानंतर एक कळ मी दोनदा दाबली असं वाटतं. त्याने झालं असेल का? म्हणजे पुन्हा टेबल मागायचं तर मला माहीत हवं. परत माझ्याकडून तसंच झालं तर?"

कागदावर छापलेलं, सही-शिक्क्याचं पत्र. साहेबांशी दहा दिवस भांडून लिहिलेलं. आणि ज्या एका माणसाला ते वाचायची गरज होती, त्याला वाचताच येणार नाही अशा रूपात मी ते पाठवलं होतं. पडद्याच्या बाबतीत केलं तेच मी कागदाच्या बाबतीत पुन्हा केलं होतं.

"तुमचं बोट कुठेही चुकलं नाही," मी म्हटलं. "चूक मी केली. मी लिहिलंय तसं. आत्ता मेल करते, तुम्ही स्वतः वाचा."

त्या दारापाशी आल्या, चाचपून प्लास्टिकचं आच्छादन काढलं, नीट घडी करून बाजूला ठेवलं आणि मशीन चालू केलं. रांगेतले पालक बघायला लागले. मी उभ्या उभ्या मोबाइलवरून पत्र पाठवलं. सुलभाताईंची बोटं कळांवर आली आणि मशीन बोलायला लागलं, त्याच सपाट आवाजात, सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असं.

"मी, व टिंब, ग टिंब, साठ्ये, असे लिहून देते की आवाजाचे पॅकेज तपासताना मी आवाज ऐकला नाही. फक्त पडद्यावर पाहिले आणि ते योग्य असल्याचे लिहिले. चूक माझी आहे. श्रीमती सुलभा केंजळे यांनी कोणतेही चुकीचे बटण दाबलेले नव्हते."

त्या थांबल्या. एक कळ दाबून एक वाक्य मागे गेल्या. "श्रीमती सुलभा केंजळे यांनी कोणतेही चुकीचे बटण दाबलेले नव्हते." पुन्हा मागे. पुन्हा तेच वाक्य. मी आयुष्यात अनेकांच्या चुका मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. माझी स्वतःची अशी, मीच मुक्या केलेल्या आवाजात, रांगेतल्या अनोळखी लोकांसमोर ऐकणं हे मला झेपत नव्हतं. पण हलले नाही.

रणपिसे हातात पेन धरून ऐकत होते. तिसऱ्यांदा वाक्य झाल्यावर त्यांनी समोरचा फॉर्म बाजूला ठेवला, उठले, खिडकीशी गेले, टेलिफोनची तार सोडवली आणि तो उचलून स्वतःच्या टेबलावर नेऊन ठेवला. मग परत येऊन रांगेतल्या पहिल्या बाईंना म्हणाले, "इकडे, केंजळे मॅडमकडे सांगा नाव."

सुलभाताईंनी खुर्ची पुढे ओढली. कळांवरून एकदा हात फिरवला आणि माझ्या दिशेने मान वळवली.

"साठ्येबाई, पत्र चांगलं लिहिलंत," त्या म्हणाल्या. "फक्त तीन आठवडे उशिरा ऐकू आलं."